प्रवासांतील नवें पथ्य

पूर्वींच्या काळीं काशीयात्रेस निघणारा गृहस्थ घरादाराची निरवानिरव करूनच उंबरठा ओलांडीत असे. परत येणें न येणें सर्वस्वी ईश्वराधीन. आज मनमाडास गाडींत बसलें कीं जवळजवळ एका अहोरात्रांत काशी गांठतां येते, आणि मुलाबाळांकडे सातासमुद्रांपलीकडे जावयाचें झालें तरी दोन दिवसांहून अधिक वेळ सहसा लागत नाहीं. वाटेचें भय असें बहुतेक नाहींसें झालें; परंतु त्याच अवधींत प्रवासीहि बदलला. आमच्या वयाच्या माणसाच्या पिशवींत पळीपंचपात्राशेजारीं औषधांची डबी असतेच असते. मधुमेहाची व रक्तदाबाची गोळी घेणारे घरोघर आहेत, व त्यांनीं प्रवासांत काय सांभाळावें हें आतां बहुतेकांस ठाऊक झालें आहे. आज आम्ही लिहिणार आहों तें त्याहून निराळ्या एका गोळीविषयीं. बोलण्यांत तिला ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ म्हणतात. ती घेणाऱ्यानें प्रवास करावा कीं नाहीं, आणि करावयाचा तर कोणत्या सावधगिरीनें, हा प्रश्न कित्येक कुटुंबांत उत्पन्न होतो. आणि त्याचें उत्तर बहुधा भीतीच्या तरी किंवा बेफिकिरीच्या तरी पोटीं दिलें जातें. आमच्या मतें त्याचें उत्तर मोजमापांत आहे.

प्रथम शब्दाविषयीं. ‘रक्त पातळ होणें’ हा प्रयोग रूढ असला तरी यथार्थ नव्हे. पाणी घातल्यानें ताक पातळ होतें, तसें या गोळीनें रक्ताचें कांहीं होत नाहीं. रक्त होतें तसेंच राहतें. त्यास गोठण्यास मात्र अधिक वेळ लागतो. रक्त गोठविणारीं कांहीं द्रव्यें यकृतांत तयार होतात, आणि त्यांतील चार प्रमुख द्रव्यांस ‘के’ नांवाच्या जीवनसत्त्वाची गरज लागते. हें जीवनसत्त्व डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हेन्रिक डाम यांनीं शोधून काढिलें. ‘के’ हें त्यांच्याकडील ‘गोठणें’ या अर्थाच्या शब्दाचें आद्याक्षर होय. १९४३ सालचें नोबेल पारितोषिक डाम व अमेरिकेंतील एडवर्ड डॉइझी यांस याच कार्याबद्दल मिळालें. आमची गोळी या जीवनसत्त्वाच्या कामांत अडथळा आणते, म्हणजे एका परीनें ती आमच्या ताटांतील पालेभाजीशींच झुंजत असते. ही गोष्ट लक्षांत ठेविली म्हणजे पुढील सर्व नियमांचा उलगडा होतो.

या औषधाचा जन्म गोठ्यांत झाला. १९२०च्या सुमारास कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रांतांत गुरें क्षुल्लक जखमेनें रक्तस्राव होऊन मरूं लागलीं. बुरसटलेली ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाची वैरण त्यास कारण आहे, असें कॅनडांतील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनीं दाखविलें. ही वनस्पति मेथीच्याच कुळांतील; तिची एक बहीण आपल्या शेतांतहि ‘रानमेथी’ या नांवानें उगवते. पुढें १९३३च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिन प्रांतांतील एक शेतकरी भर हिमवादळांत मेलेली कालवड व न गोठणाऱ्या रक्तानें भरलेलें भांडें घेऊन तेथील विद्यापीठांत कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञांकडे येऊन थडकला. लिंक व त्यांचे सहकारी यांनीं सहा वर्षें खपून १९३९ सालीं वैरणींतील तें द्रव्य वेगळें काढिलें. त्याच जातीचें एक अधिक तीव्र द्रव्य १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, तेंच वॉर्फरीन. १९५४ सालीं मनुष्यांस तें देण्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली. आणि १९५५ सालीं तेथील अध्यक्ष आयझेनहॉवर यांस हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांसहि तेंच देण्यांत आलें. आपल्याकडे त्याचें भावंड जें असेनोकुमॅरॉल, त्याचा उपयोग पुष्कळ होतो. विष व औषध यांमधील अंतर योजनेचें व मात्रेचें आहे हा आयुर्वेदाचा जुना सिद्धांत. त्यास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

आम्हांस ही गोळी कां लागली, हें सांगितल्यावांचून पुढील विवेचन अपुरें राहील. लहानपणीं आम्हांस सांधे सुजविणारा ज्वर आला होता. घसा दुखण्याच्या साध्या विकारांतून उद्भवणारा हा ज्वर सांध्यांस सोडून जातो, परंतु हृदयाच्या झडपांस धरून बसतो. पन्नाशी उलटल्यावर आमची एक झडप इतकी अरुंद झाली कीं ती काढून तेथें धातूची झडप बसवावी लागली. अशा झडपा पूर्वीं परदेशांतूनच येत. तिरुवनंतपुरम् येथील श्रीचित्रा तिरुनाळ संस्थेंत डॉ. वलियाथन् यांच्या नेतृत्वाखालीं स्वदेशी झडप तयार झाली, व १९९०च्या डिसेंबरांत ती पहिल्या रुग्णास बसविण्यांत आली. याच शल्यवैद्यांनीं पुढें चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्यावर एकेक इंग्रजी ग्रंथ लिहिला, याचें संस्कृताच्या अभ्यासकास विशेष कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. झडप कोणत्याहि देशची असो, धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका जन्मभर राहतो. गुठळी सुटून मेंदूंत गेली तर पक्षाघात; आणि ती होऊं नये म्हणून घेतलेल्या गोळीचा अंमल अधिक झाला तर मेंदूंतच रक्तस्राव. वाट दोहों बाजूंनीं तुटलेल्या कड्यावरून जाते, आणि त्या वाटेची रुंदी एका आंकड्यानें सांगतात.

येथें कोणी विचारील कीं, ज्यांस रक्ततपासणीची गरज नाहीं अशीं नवीं औषधें आतां निघालीं आहेत, तीं कां घेऊं नयेत? प्रश्न रास्त आहे, व ज्यांच्या हृदयाची केवळ लय बिघडली आहे त्यांपैकीं पुष्कळांस तीं औषधें खरोखरच सोयीचीं पडतात. परंतु धातूच्या झडपेस तीं चालत नाहींत; तसे प्रयोग करून पाहिले तेव्हां ते अर्ध्यावर थांबवावे लागले. आमच्यासारख्या ज्वरानें झडप अरुंद होऊन हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांविषयींहि २०२२ सालीं मोठा निर्णय झाला. चोवीस देशांतील साडेचार हजारांवर रुग्णांची ती पाहणी होती, आणि तिचा वृत्तांत लिहिणाऱ्यांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. गणेशन् कार्तिकेयन् होते. नव्या गोळीहून जुनी गोळीच अधिक प्राण वांचविते असें तींत आढळून आलें. तात्पर्य, आपल्या देशांत ज्या व्याधीचे रुग्ण विपुल, तीस जुनेंच औषध लागू. आणि जुनें औषध म्हटलें कीं तपासणी आलीच.

आतां तो आंकडा. त्यास आय. एन. आर., म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तर, असें म्हणतात. रक्ताच्या नमुन्यांत विशिष्ट द्रव्य घालून तें किती सेकंदांत गोठतें हें पाहण्याची रीत आर्मंड क्विक या अमेरिकन वैद्यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केली. अडचण अशी कीं, घालावयाचें द्रव्य प्रत्येक कारखान्याचें कमीअधिक तीव्र असतें, व त्यामुळें एकाच माणसाच्या रक्तास एका गांवीं तीस सेकंद तर दुसऱ्या गांवीं चाळीस सेकंद लागूं शकतात. आमच्या वाचकांतील वृद्धांस यावरून एक जुनी गोष्ट आठवेल. आमचें छत्रपती संभाजीनगर, तेव्हांचें औरंगाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. येथें हाली रुपया चाले, आणि मनमाडकडे इंग्रजी हद्द लागली कीं कलदार. सात हाली रुपयांस सहा कलदार हा साधारण हिशेब. प्रवासास निघणाऱ्यानें आधीं हा हिशेब करावा अशी रीतच होती, असें आमचे वडील सांगत. कारण दोन्हीहि रुपयेच, परंतु नांव एक असलें म्हणून मोल एक नव्हतें. रक्ताच्या सेकंदांचीहि तीच गत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें १९८३ सालीं एक समान हिशेब ठरवून दिला. रुग्णाच्या सेकंदांस निरोगी माणसाच्या सेकंदांनीं भागावें, आणि त्या भागाकारास त्या द्रव्याच्या पेटीवर छापलेल्या तीव्रतादर्शक अंकाचा घात चढवावा. येईल तो आय. एन. आर. निरोगी माणसाचा आंकडा एकच्या आसपास असतो. हृदयाची लय बिघडलेल्यास बहुधा दोन ते तीन, व आमच्यासारख्या झडपेस अडीच ते साडेतीन ही मर्यादा डॉक्टर घालून देतात.

घरीं हा आंकडा स्थिर राहतो तो गोळीच्या गुणानें नव्हे, तर दिनचर्येच्या गुणानें. तीच वेळ, तेंच जेवण, तीच झोंप. आणि प्रवास म्हणजे नेमका या तिन्हींचा भंग. शंभर ग्रॅम कच्च्या पालकांत ‘के’ जीवनसत्त्व सुमारे ४८० मायक्रोग्रॅम असतें. प्रौढ पुरुषास दिवसाला १२० पुरतें असें अमेरिकेंतील आहारशास्त्रज्ञ मानतात. यावरून दिसून येईल कीं, रोज पालेभाजी खाणारा मनुष्य आठ दिवस उपाहारगृहांतील बटाट्यावर राहिला तर गोळीस झुंजण्यास प्रतिपक्षच उरत नाहीं, व आंकडा वर चढतो. उलट, लेकीच्या घरीं गेलेल्या बापास कौतुकानें रोज मेथी, चुका, माठ वाढला कीं आंकडा खालीं येतो. कांहीं लोक भिऊन पालेभाजी समूळ वर्ज्य करितात, तेंहि चूकच. येथें पथ्य वर्ज्याचें नाहीं, समप्रमाणाचें आहे. थोडी खावी, पण रोज सारखी खावी.

हाच विचार पुढें नेला तर असें दिसेल कीं, आपल्या घरांत बसल्याबसल्याहि प्रवास घडत असतो. चातुर्मासांत एक दिवस एकादशीचें निराहार, दुसऱ्या दिवशीं पारण्याचें भरगच्च ताट, ऋषिपंचमीस केवळ पालेभाज्यांचें जेवण, पितृपक्षांत अळू, थंडींत आपल्या मराठवाड्यांतील कच्च्या मेथीचा घोळाणा. गाडींत पाऊल न ठेवितां आंकडा हलण्यास एवढें पुरेसें आहे. व्रतें सोडावींत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांत ही गोळी घेणारें माणूस आहे, तेथील गृहिणीनें पंचांगाशेजारीं तपासणीची तारीखहि लिहून ठेवावी.

आहाराहूनहि अधिक जपावें तें परगांवच्या औषधास. प्रवासांत पोट बिघडतें आणि त्यावर हटकून दिलें जाणारें मेट्रोनिडाझोल गोळीचा अंमल पुष्कळ वाढवितें. कित्येक जंतुनाशकांचा तोच गुण आहे. अंगदुखीवरील ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक हीं स्वतंत्रपणें रक्तस्रावास वाव देतात. काढे, आसवें व चूर्णें हींहि औषधेंच आहेत. तीं ‘आपलीं’ म्हणून निरुपद्रवी ठरत नाहींत.

२०२४ सालच्या फेब्रुवारींत आम्ही उभयतां काशीस गेलों होतों, तेव्हां या सर्वांचा प्रत्यय आला. निघण्यापूर्वीं चार दिवस आंकडा पाहिला, तो २.९ होता. पांचव्या दिवशीं पोट बिघडलें व दोन दिवस पेजेवर काढावे लागले. तेथील डॉक्टरांनीं आमची चिठ्ठी वाचून औषध दिलें, आणि “यानें तुमचा आंकडा चढेल, तिसऱ्या दिवशीं तपासून घ्या,” असें स्वतः होऊन बजाविलें. तिसऱ्या दिवशीं एका तपासणीगृहांतून कागद हातीं आला. त्यावर रुग्णाचे सेकंद ४२, प्रमाण सेकंद १३ व ‘गुणोत्तर ३.२’ एवढेंच लिहिलेलें. खिडकीवरील मनुष्य म्हणाला, “सब ठीक है, बाबूजी.” अडीच ते साडेतीन ही आमची मर्यादा लक्षांत घेतां ३.२ ठीकच दिसत होतें. परंतु घात चढविल्याचा उल्लेख कागदावर कोठें नव्हता. द्रव्याच्या पेटीवरील अंक दाखवा, अशी आम्हीं विनंती केली, तो १.३ निघाला. मॅट्रिकला शिकलेलें लॉगॅरिथम् मग उपयोगीं पडलें. ३.२३चा लॉग ०.५०९, त्यास १.३नें गुणिलें, ०.६६२, त्याचा अँटिलॉग ४.५९. म्हणजे आमचा खरा आंकडा ४.६ होता. हातांत हाली रुपये असतां आम्ही कलदाराचा हिशेब करीत होतों.

तत्काळ संभाजीनगरास आमच्या डॉक्टरांस फोन लाविला. त्यांनीं त्याच सायंकाळीं एका रुग्णालयांत पुन्हां तपासणी करविली, तेथेंहि ४.७ आला. एका रात्रीची मात्रा त्यांनीं वगळण्यास सांगितली, व दोन दिवसांनीं आंकडा ३.१वर आला. हा उपाय आमच्यापुरता, आमच्या डॉक्टरांनीं सांगितलेला; वाचकांनीं त्याचें अनुकरण स्वबुद्धीनें करूं नये, कारण मात्रा अधिक वगळली तर झडपेवर गुठळी धरते. ते दोन दिवस आम्हीं घाटाच्या निसरड्या पायऱ्या वर्ज्य केल्या. आमच्या कुटुंबानें एकटीनें गंगास्नान केलें व तांब्या भरून आणून आमच्या मस्तकावर ओतला. “पायरीवरून पडून डोकें आपटलें असतें तर?” एवढेंच ती म्हणाली. त्या दोन दिवसांत रक्त मेंदूंत उतरण्यास एक आपटणें पुरलें असतें, हें तिला आमच्याहून अधिक स्पष्ट कळलें होतें.

यावरून जे नियम निघतात ते थोडके आहेत. निघण्यापूर्वीं आठवड्याच्या आंत आंकडा पाहावा. तो मर्यादेबाहेर असेल तर प्रस्थान पुढें ढकलावें. मुक्काम लांबला तर आठदहा दिवसांनीं, परत आल्यावर लगेच, आणि मध्यें आजार झाला किंवा नवें औषध सुरू झालें तर तीनचार दिवसांत पुन्हां पाहावा. आजचा आंकडा आजच्या गोळीचा नसतो. तो मागील दोनतीन दिवसांच्या गोळ्यांचा असतो, म्हणून एका दिवसांत फरक दिसत नाहीं यास्तव घाबरूं नये. तपासणीच्या कागदावर सेकंद न वाचतां ‘आय. एन. आर.’ हीं अक्षरें शोधावींत. नसतील तर मागावींत. गोळ्या दोन ठिकाणीं विभागून हातच्याच पिशवींत ठेवाव्या, सामानाच्या पेटींत नव्हे. एखाद्या दिवशींची गोळी राहिली व दुसरा दिवस उजाडला तर दोन एकदम घेऊं नयेत. चुकल्याची नोंद करून डॉक्टरांस सांगावें. परदेशीं जाणाऱ्यांनीं, तेथील घड्याळाप्रमाणें गोळी केव्हां घ्यावयाची, हें निघण्यापूर्वींच विचारून लिहून घ्यावें. बोटाच्या थेंबावर घरींच आंकडा दाखविणारें यंत्र मिळतें; पण त्याच्या पट्ट्या महाग असतात, व वैशाखांतल्या आमच्याकडील उन्हांत मोटारींत राहिल्या तर बिघडतात. शिवाय त्याचा आंकडा तपासणीगृहाच्या आंकड्याशीं एकदां ताडून घेतल्यावांचून त्यावर विसंबूं नये. शौच काळें झालें, लघवी लाल झाली, नाकाचें रक्त थांबेना, डोक्यास मार लागला किंवा तोंड वांकडें झालें, तर तपासणीचा विचार न करितां थेट रुग्णालय गांठावें. डोक्यास लागलें असतां वरून जखम दिसत नसली तरीहि.

आणि सर्वांत महत्त्वाची ती चिठ्ठी. खिशांत एक जाड कागद असावा. त्यावर नांव, व्याधि, झडपेचा प्रकार, गोळीचें नांव व मात्रा, आंकड्याची मर्यादा, मागील पांच तपासण्या आणि डॉक्टरांचा फोन. बेशुद्ध माणसास बोलतां येत नाहीं, कागदास येतें.

या चिठ्ठीचें मोल आम्हांस अधिक कळलें तें आमच्या शहरांतल्या ‘घाटी’च्या आवारांत. १९५६ सालीं स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें हें रुग्णालय साऱ्या मराठवाड्याचा आधार आहे. तेथें तपासणीच्या रांगेंत आमच्यापुढें एक तिशीच्या आंतबाहेरची बाई होती. झडप धातूचीच. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीस निघणार होती. पांचसहा महिने कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपींत मुक्काम, हातांत कोयता. “गुरुजी, तिकडच्या डाक्टरला काय सांगू?” असें तिनें विचारलें. आम्हीं तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तो मजकूर मराठींत व इंग्रजींत लिहून दिला, आणि आंतील डॉक्टरांकडून मर्यादा व मात्रा तपासून घेतली. कारखान्याजवळच्या तालुक्याच्या गांवीं महिन्यांतून एकदां कोठें जावयाचें, तेंहि त्यांनींच तिला सांगितलें. आमचा प्रवास पुण्यासाठीं होता, व पुढें ढकलतां येत होता. तिचा पोटासाठीं, आणि तो टळणारा नव्हता. ज्या ज्वरानें आमची झडप खाल्ली तो दाटीच्या व दारिद्र्याच्या घरांतच अधिक नांदतो. म्हणून या गोळीचा विचार केवळ सुस्थितांच्या यात्रेपुरता करून चालणार नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं कामास येणारी, शेतावर राबणारी अशी कोणी बाई असेल, त्यांनीं तिची वही एकदां मागून पाहावी आणि अक्षर पुसट झालें असल्यास उजळून द्यावें. त्यास अर्धा तासहि लागत नाहीं.

मुलामुलींस आमचें सांगणें एवढेंच कीं, झडप बसविलेल्या आईवडिलांस जपण्याच्या नांवाखालीं घरांत कोंडूं नका, आणि “एवढ्यानें काय होतें” म्हणून तपासणीवांचून गाडींतहि बसवूं नका. त्यांच्यासाठीं तिकिटें काढाल त्याच दिवशीं तपासणीचीहि तारीख ठरवा, आणि ज्या गांवीं जावयाचें तेथील एका विश्वासू तपासणीगृहाचा पत्ता मिळवून ठेवा. आमचें स्वतःचें म्हणाल तर येत्या मार्गशीर्षांत गाणगापुरास जाण्याचा बेत आहे. तेथें आंकडा कोठें पाहतां येईल याची चौकशी आमच्या कुटुंबानें आधींच करून ठेविली आहे.